सहावा नंबर, पण 'जेमतेम' कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नव्वदच्या दशकातल्या पॉप ग्रुपवरचा लेख आवडीने वाचला. एका शब्दाशी मात्र अडखळलो. बॅकस्ट्रीट बॉइज या ग्रुपचं 'आय वॉन्ट इट दॅट वे' हे गाणं अमेरिकेत 'जेमतेम सहाव्या नंबरपर्यंत पोचलं', असं लेखक म्हणतात. सहावा नंबर खरा आहे. माझा आक्षेप त्या 'जेमतेम'ला आहे.

बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाची 'हॉट १००' ही लोकप्रिय गाण्यांची यादी तेव्हा सिंगलची (एका गाण्यासाठी वेगळी विकली जाणारी कॅसेट किंवा सीडी) विक्री आणि रेडिओवर गाणं किती वाजतं, या दोन्हींची बेरीज करून लागायची. १९९९ च्या एप्रिलमध्ये हे गाणं आलं, पण अमेरिकेतल्या दुकानांत त्याचं सिंगल विकायला ठेवलंच नव्हतं. कंपनीचा हिशेब सरळ होता. गाणं हवंय ना, मग अख्खा अल्बम घ्या. लोकांनी घेतलाही. मे महिन्यात आलेला 'मिलेनियम' पहिल्याच आठवड्यात तिथे ११ लाखांवर खपला. म्हणजे एका खात्यात भोपळा असताना, निव्वळ रेडिओच्या जोरावर हे गाणं सहावं आलं.

वर्षभर आधी तर तेही जमलं नसतं. सिंगल विकायला नसेल तर गाणं यादीत घ्यायचंच नाही, असा नियम होता. नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं आणि 'हॉट १००'मध्ये त्याचं नावसुद्धा नाही! डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला. तरीही नुसत्या रेडिओवर पहिला नंबर गाठायला जून २००० उजाडलं. तो मान अलिया या गायिकेच्या 'ट्राय अगेन'चा. ब्रिटनमध्ये मात्र फक्त विक्री मोजत, आणि तिथे सिंगल दुकानात होतं. मे १९९९ मध्ये तिथे हेच गाणं पहिलं आलं.

(गाण्याचा अर्थ लागत नाही, हे लेखकाचं म्हणणं मान्य. लिहिणारे दोघेही स्वीडनचे. शब्द सरळ करून दुसरी आवृत्तीही केली होती म्हणे, पण ग्रुपला आधीचीच बरी वाटली. बरंच झालं.)

त्या वर्षी मी कोल्हापुरात एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. सिंगल ही वस्तू आमच्याकडे कधी आलीच नाही. कॉलेजची पोरं यायची, नाव आठवायचं नाही, मग काउंटरवर बोटं वाजवत गुणगुणायची, "ते 'टेल मी व्हाय'वालं द्या की." ही याच गाण्यातली ओळ. एका मुलीने पर्समधले पैसे दोनदा मोजले आणि हळूच विचारलं, "दादा, यातलं एकच गाणं भरून मिळेल का?" मिळायचं की नाही, ते इथे लिहीत नाही. दुकानात वाजवायला ठेवलेल्या कॅसेटचा आवाज मात्र 'ए' बाजूच्या दुसऱ्या गाण्यापाशीच, म्हणजे याच गाण्यापाशी, बसला होता. पुढचं-मागचं सगळं ठणठणीत. ही विक्री आणि हे वाजणं कुठल्या यादीत मोजलं गेलं असेल?

पुढच्या भागात वेस्टलाइफ हा आयरिश ग्रुप येणार असल्याचं वाचलं. त्यांची पहिली सातही सिंगल्स ब्रिटनमध्ये पहिली आली, हे लेखक सांगतीलच. ती यादी निव्वळ विक्रीची होती, एवढी एक ओळ सोबत यावी, ही विनंती.

आपला,
एक जुना कॅसेटवाला, कोल्हापूर