आधी वाळूचा कण मोजा, मग कापड निवडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नदीचे पात्र खचले, काठ ढासळला किंवा पुलाचा पाया उघडा पडला, की उपाय म्हणून ‘जिओसिंथेटिक’ (मातीकामात वापरायचे कृत्रिम धाग्यांचे कापड, जाळी वगैरे साहित्य) हा शब्द हल्ली हमखास वाचायला मिळतो. हे साहित्य उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याबद्दल जे लिहिले जाते, त्यातून मजबूत कापड अंथरले की नदीचा तळ जागच्या जागी थांबतो, असा समज होतो. वस्तुतः प्रवाहाला तोंड देण्याचे काम वरच्या दगडाचे किंवा वाळूभरल्या पिशवीचे असते, आणि कापडाचे काम गाळणीचे. नदीकामांत बरीच वर्षे घालवल्यावर हा फरक निविदेच्या कागदांतही पुसट झालेला मी पाहिला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो हलवू शकेल अशा दगडाचे वजन ढोबळमानाने ६४ पट होते. या जुन्या नियमाच्या धाकाने जड दगड टाकण्याकडे सर्वांचा कल असतो. पण बारीक वाळूच्या तळावर टाकलेला दगड वाहून गेला नाही, तरी खाली रुततो. दगडांमधल्या फटींत पाण्याचा दाब सतत कमीजास्त होत असतो, त्याबरोबर खालची वाळू थोडीथोडी उपसली जाते आणि काही पावसाळ्यांत अख्खा थर दिसेनासा होतो. यासाठी पूर्वी दगडाखाली वाळू, बारीक खडी आणि जाड खडी असे थर देत. मात्र वाहत्या पाण्याखाली ते सारख्या जाडीने अंथरणे किती अवघड आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. जिओटेक्स्टाइलने, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या अशा कापडाने, हे काम एका थरावर आणले. नेदरलँड्समधील ऑस्टरशेल्डे या, समुद्राचे वादळी उधाण अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या, १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या कामात ६५ खांबांखाली वाळू व खडी कापडात बंद करून सुमारे २०० मीटर लांब, ४२ मीटर रुंद अशा गाद्या समुद्रतळावर उलगडल्या, आणि त्यासाठी खास जहाज बांधले. नुसते कापड तिथेही पुरेसे मानले गेले नव्हते.

कापड निवडताना दोन परस्परविरोधी गोष्टी साधाव्या लागतात. छिद्रे इतकी लहान हवीत की तळाची वाळू निसटू नये, आणि इतकी मोकळी हवीत की पाणी अडू नये. कारण पूर झपाट्याने ओसरू लागला आणि खालचे पाणी कोंडले, तर तेच पाणी अस्तर खालून उचलते. म्हणजे निवडीची सुरुवात त्या ठिकाणच्या वाळूच्या चाळणी-चाचणीपासून, म्हणजे कणांचा आकार मोजण्यापासून, व्हायला हवी. प्रत्यक्षात निविदेत बहुधा एकच आकडा ठळक दिसतो, तो म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम. जाड कापड म्हणजे चांगले कापड, हा हिशोब सतरंजी घेताना ठीक आहे. वजनावरून कापड दगडाचा मारा किती सोसेल याचा थोडा अंदाज येतो. ते वाळू धरील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आणखी एक साधी बाब. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके असते, म्हणजे नुसते सोडले तर ते तरंगते. एका कामावर (ते कोणाचे होते, हे इथे महत्त्वाचे नाही) सकाळी अंथरलेली पट्टी दुपारपर्यंत वळकटी होऊन प्रवाहाबरोबर सरकली होती आणि तिच्यावर टाकायचे दगड काठावरच पडून होते. जिथे प्रवाह थांबवता येत नाही, तिथे वाळू भरलेल्या पिशव्यांचाच गाळणीथर करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती कड. संरक्षित भागाच्या सीमेवर खरवड, म्हणजे प्रवाहाने तळ उकरला जाणे, ठरलेलीच असते. पुलाच्या खांबाभोवती कापड दगडांच्या टोकापर्यंत न नेता खांबापासून सुमारे दोनतृतीयांश अंतरावर थांबवावे, असे अमेरिकेच्या महामार्ग खात्याची मार्गदर्शिका सांगते. कारण बाहेरच्या दगडांना खरवडीत घसरून स्वतःच उतार झाकता आला पाहिजे. कापड शेवटपर्यंत ताणले, तर कडेखालची वाळू जाऊन ते मोकळे फडफडू लागते. शिवाय हे काम एकदा करून विसरण्याजोगे नाही. न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला आणि १० जण दगावले. खांबांभोवतीचे दगडी संरक्षण पुरेसे राखले न गेल्याचा ठपका चौकशीत ठेवण्यात आला.

अर्थात सर्व पात्रच झाकून टाकावे, असे मी म्हणणार नाही. वरच्या धरणात गाळ अडत असेल किंवा वाळूउपसा चालू असेल, तर एका ठिकाणी तळ बांधल्याने धूप खालच्या बाजूला सरकते, इतकेच. झाकलेल्या तळाशी माशांची अंडी घालण्याची जागा जाते, आणि फाटलेले कृत्रिम धागे पाण्यात राहतात, तेही वेगळेच. काठाच्या वरच्या उतारावर गवत रुजेपर्यंत ताग किंवा काथ्याचे कापड पुरते; कायम पाण्याखालच्या तळाला मात्र ते कुजून गेल्यावर आधार उरत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की अशा कामाची बातमी देताना किती चौरस मीटर कापड वापरले, एवढ्यावर थांबू नये. वाळूची चाचणी झाली होती का, कडेची रचना काय आहे आणि पहिल्या पुरानंतर तळाची खोली पुन्हा मोजली का, हे आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना विचारावे आणि मिळालेले उत्तर आकड्यांसह छापावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता