वाचनकक्षातील प्रकाशकमळाच्या मिस्त्रीमामांस

आदरणीय मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातून खाली झुकलेले दगडी कमळ डोळ्यांसमोर ठेवून मी वाचनकक्षासाठी हे टांगते शिल्प योजले होते. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ साली उभारलेल्या त्या मंदिरातले कमळ अंधारात मिटल्यासारखे वाटते. माझ्या स्टीलच्या पाकळ्यांनी खिडकीतला उजेड उचलून आतल्या बाकांपर्यंत न्यावा, एवढीच इच्छा होती.

ज्यांच्याकडे हे काम आधी सोपवले होते, त्यांनी पाकळ्या पीओपीच्या छताला हुक मारून अडकवल्या आणि मी वजनाविषयी विचारले तेव्हा ‘वर कोण बघतंय?’ म्हणून मला गप्प केले. खाली माणसे बसणार आहेत, हे त्यांच्या मनाला शिवले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले तुमचे काम बाजूला ठेवून आलात, सगळा भार स्लॅबवर घेतलात आणि प्रत्येक पाकळीला दुसरी राखीव वायर दिलीत. तरीही मला सर्वांत जास्त आठवते ते त्यानंतरचे. तुम्ही हात धुतलेत, वर्तमानपत्र उचललेत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलात. दमून बसला असाल, असे मला वाटले. पण एक पान वाचून तुम्ही वर पाहिलेत, शिडीवर चढून एक पाकळी किंचित कलती केलीत आणि पुढच्या खुर्चीत जाऊन पुन्हा वाचू लागलात. कक्षातली एकही खुर्ची तुम्ही सोडली नाहीत. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं इथं बसतात, त्यांच्या डोळ्यांत तिरीप जायला नको,’ एवढेच म्हणालात. आरसा एक अंश कलला की परतणारा किरण दोन अंशांनी वळतो, हे मला ठाऊक होते. तो किरण कोणाच्या डोळ्यांत जाईल, याचा विचार तुम्ही केलात. सकाळचे ऊन निराळ्या बाजूने येते म्हणून दुसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा आलात.

बेळगावच्या कारखान्यांतील कास्टिंगचे कौतुक सर्वदूर होते. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाची काळजी घेणारे तुमच्यासारखे कारागीर मात्र त्या कौतुकात दिसत नाहीत. म्हणून शिल्पाखालील फलकावर माझ्या नावाशेजारी तुमचे नाव मराठी आणि कन्नडमध्ये कोरावे, असे मी समितीला लिहून दिले आहे. तुम्ही संकोचाने नको म्हणालात, तरी ती विनंती मी मागे घेणार नाही.

आपली कृतज्ञ,
शिल्पकर्ती