चवथीपुरती घरं

माशेल,
रविवार

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ऐन चवथीच्या गडबडीत आलं, म्हणून उत्तराला उशीर. ओसाकाजवळच्या खेड्यात ओळीने बंद घरं बघून तू हबकलास म्हणे. अरे, आपल्या वाड्यावर ये! अकरातली चार घरं चवथीपुरतीच उघडतात. पाच दिवस आरत्या, घुमटवादन, नेवऱ्या. सहाव्या दिवशी पुन्हा कुलूप. यंदा गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायला शिडीवर चढलो मी, वय बावन्न. खालून सुपारीचे घोस देत होते बापूकाका, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यापुढे मी पोरगाच! नारळ काढणाऱ्या पाडेल्याचा गुडघा गेलाय, मुलगा इंग्लंडात. नारळ आपसूक पडतील तेव्हा खरे. आपली शाळा पटाअभावी बंद झाली, आता मतदानापुरती उघडते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा प्रजननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.३ निघाला. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. जपानचा २०२० साली १.३३ होता. म्हणजे आपण आता सोयरे!

पण तुझ्या घरमालकिणीची हकिकत मी दोनदा वाचली. पालिकेचा माणूस घरी येऊन ती उठते कशी, जेवते कशी हे बघतो, तिला किती मदत लागेल याची सातांपैकी एक श्रेणी ठरवतो, आणि आठवड्यातून दोनदा बाई येऊन तिला आंघोळ घालते. तिच्या खिशातून खर्चाचा दहावा हिस्सा. २००० सालापासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून या काळजीच्या विम्याचा हप्ता घेतात म्हणून हे जमतं. भत्ते देऊन पाळणे काही हलले नाहीत. २०२४ मध्ये सात लाखसुद्धा मुलं जन्मली नाहीत तिथे. पण म्हातारपण एकट्या सुनेच्या गळ्यात राहिलं नाही, हे मला मोठं वाटतं. आपल्याकडे सरकारच्या दयानंद योजनेचे म्हातारपणीचे पैसे खात्यात पडतात, पण पैसे काही पाठ चोळत नाहीत.

आई न्हाणीत पडली तेव्हा हे कळलं. बायकोने चार महिने रजा काढली, मग तिचीच कंबर धरली. शेवटी झारखंडची एक मुलगी मिळाली. आईला हिंदी येत नाही, तिला मराठी-कोंकणी नाही. पहिला शब्द ती शिकली 'उदक'. आता आई तिला 'बाये' म्हणते आणि आमच्या हातचा चहा बेचव लागतो म्हणते. बहिणीच्या लग्नाला ती परवा गावी गेली. आई सकाळपासून सोप्यावर बसून आहे.

तुझ्या घरमालकिणीला आंघोळ घालायला येणारी बाई कुठल्या देशाची, तेवढं विचारून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू