नौपाड्यातल्या स्पर्धेनंतर आभार

रविवारच्या ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेचे निकाल लागले, विजेत्यांचं कौतुकही झालं. आम्ही जोडी म्हणून सातवे आलो, आनंद आहेच. पण आभार वेगळ्यांचे.

एका बोर्डात, म्हणजे आधीच वाटून ठेवलेल्या एका डावात, प्रत्येकी १३ ऐवजी एका हाताला १२ आणि दुसऱ्याला १४ पत्ते निघाले. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच डाव टेबलाटेबलांवर फिरतात. एक पत्ता हलला की तुलनाच बिघडते. ज्या काकूंनी नोंदी तपासून चौकटची दुर्री जागेवर नेली, त्यांचे मनापासून आभार.

आणि तलावपाळीवरून भर पावसात माझ्या वयस्कर पार्टनरना छत्रीत हॉलपर्यंत आणणाऱ्या मुला, तुझेही. २०१८ साली जकार्तात साठीच्या प्रणव बर्धन यांनी शिवनाथ सरकारांसोबत आशियाई स्पर्धेत ब्रिजचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून माझे हे पार्टनर, आमचे सर, पुन्हा खेळतात. तुझ्यामुळे त्यांचा रविवार चुकला नाही.