बोअरला मीटर कधी लावणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात आमच्या गेटवर रोज चार टँकर, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण यावेळी शेजारच्या सोसायटीने नवीन बोअर मारली आणि पंधरा दिवसांत आमची आटली, मग व्हॉट्सअॅपवर जी जुंपली ती वाचताना मला स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा आठवलं.

हसू नका. तिथं उशाशी एवढं मोठं सरोवर आहे, शहराचं बहुतेक पाणी तिथूनच येतं, तरी काही हिस्सा जमिनीखालच्या साठ्यातून उपसतात आणि तो साठा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, थोडा फ्रान्सच्या खाली पण. १९६० नंतर दोघांनीही मनसोक्त उपसा केला, एकेका वर्षी तर जेवढं मुरत होतं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि पातळी सात मीटरहून जास्त खाली गेली. म्हणजे आमचीच स्टोरी, फक्त पासपोर्टवाली.

मग १९७८ मध्ये करार झाला. गंमत म्हणजे तो बर्न आणि पॅरिस या राजधान्यांनी नाही केला, जिनिव्हा कँटन (म्हणजे तिथलं राज्य) आणि पलीकडच्या ओत-साव्वा जिल्ह्याने केला. जिनिव्हाने स्वतःच्या खर्चाने व्हेसीला प्लांट बांधला, आर्व नदीचं पाणी गाळून जमिनीत मुरवायचा, १९८० पासून चालू आहे, नदी फार गढूळ झाली की बंद ठेवतात. फ्रान्सवाल्यांनी वर्षाला ५० लाख घनमीटरपर्यंतच काढायचं, त्यातलं २० लाख फुकट, पुढच्यासाठी प्लांटच्या खर्चात वाटा द्यायचा. ५० लाख घनमीटर म्हणजे आपल्या दहा हजार लिटरवाल्या टँकरचे पाच लाख टँकर, आणि हा हिशोब लागतो कारण दोन्हीकडच्या प्रत्येक विहिरीला मीटर आहे! दोन्हीकडची तीन-तीन माणसं कमिटीत, त्यातली दोन-दोन पाण्यातली जाणकार हवीत असं करारातच लिहिलंय. (आमच्या कमिटीत सगळे पार्किंगमधले जाणकार.) २००८ पासून करार परत तीस वर्षांसाठी लागू झाला.

आपल्याकडे भूजलाचा कायदा २००९ चा आहे, विहिरींची नोंद करा असं त्यात आहे. आमच्या बोअरची नोंद झालीय का विचारलं तर कमिटीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

खडकवासल्यात किती टीएमसी झालं ते तुम्ही पावसाळ्यात रोज छापता, तसं कुठल्या भागात किती बोअर आहेत आणि पाणी किती फुटांवर गेलंय हेही छापा ना, आकडा मिळाला नाही तर मिळाला नाही असं छापा.

मागच्या रविवारी मीटिंगमध्ये मी म्हटलं आधी आपल्या बोअरला मीटर लावू, मग शेजारच्यांशी बोलू. पहिला प्रश्न आला, आणि त्यांनी नाही लावला तर?

– एक टँकरग्रस्त वाचक, पुणे