सौर पॅनेलची परीक्षा गच्चीवर घ्या

संपादक महोदय,

पेरोव्स्काइट या नव्या पदार्थापासून बनणाऱ्या सौरघटांच्या वाढत्या कार्यक्षमतेची बातमी आपल्या अंकात वाचली. ती वाचून आमच्या शेजाऱ्यांनी 'आता नवीन पॅनेल आल्यावरच बसवू' असे ठरवून टाकले, म्हणून हे पत्र. मी पॉलिटेक्निकमध्ये एकोणतीस वर्षे विद्युत विषय शिकवला आणि गेले सहा उन्हाळे माझ्याच गच्चीवर तीन किलोवॅटचा संच आहे.

आधी थांबणाऱ्यांसाठी. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बसलेल्या पॅनेलपैकी बरीचशी 'पर्क' प्रकारची (घटाच्या मागच्या बाजूला खास थर दिलेली सिलिकॉनची) आहेत. त्यांचे मूळ सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, प्रा. मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत, १९८०च्या दशकात आहे. कारखान्यांतून ती मोठ्या प्रमाणावर बाहेर पडायला २०१० नंतरची वर्षे उजाडली, म्हणजे प्रयोगशाळेतून गच्चीपर्यंत यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. पेरोव्स्काइटचा पहिला सौरघट योकोहामाच्या तोईन विद्यापीठात त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी विजेत बदलणारा भाग, ३.८ टक्के होती. आज ती २५ टक्क्यांच्या पुढे आहे. झेप थक्क करणारी आहे यात शंका नाही. पण हा पदार्थ ओलावा आणि उष्णता या दोन्हींनी लवकर खराब होतो, आणि गच्चीवरच्या पॅनेलकडून आपण पंचवीस वर्षांची अपेक्षा ठेवतो.

माझे खरे म्हणणे वेगळे आहे. पॅनेलमागच्या लेबलवरचे वॅट मोजलेले असतात ते घटाचे तापमान २५ अंश धरून. मे महिन्यात भुसावळला २५ अंश पहाटेसुद्धा मिळत नाहीत! हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल सहज ६५-७० अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनची वीज दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे भर दुपारी चौदा ते अठरा टक्के तिथेच वजा. त्यात धूळ. माझ्या इन्व्हर्टरचा काटा मे महिन्यात सव्वादोन किलोवॅटच्या वर जात नाही, आणि वळवाची एक सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी हाच संच पावणेतीन दाखवतो. प्रत्यक्ष गच्चीवर पॅनेलचे काय होते, याचा उलगडा मला ज्या संशोधनाने झाला, त्याची बातमी मात्र मी कुठे पहिल्या पानावर पाहिली नाही.

आयआयटी मुंबईत २०१० पासून केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मदतीने सौरविजेवरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र चालते. तिथल्या मंडळींनी २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर फिरून प्रत्यक्ष बसवलेली पॅनेल तपासली. सोबत उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा होता, वीज मोजायची उपकरणे होती, आणि अंधारात पॅनेलमधून प्रवाह सोडून सूक्ष्म तडे टिपणारे तंत्रही. उष्ण प्रदेशातली पॅनेल लवकर थकतात, हे दिसणारच होते. मला हादरवले ते दुसऱ्या निष्कर्षाने : मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या आणि गच्चीवरच्या संचांची वीज जास्त वेगाने घटते.

का, ते माझ्या डोळ्यांसमोर घडले होते. संच बसवायला आलेली एजन्सीची पोरे पॅनेल डोक्यावर घेऊन जिने चढली आणि नट आवळताना त्यांनी पॅनेलवरच बैठक मारली. मी चहा पाजला! बाहेरून काच शाबूत होती, तडे आत गेले असावेत. पुढे एका माजी विद्यार्थ्याने अवरक्त कॅमेरा आणला, तर एका पॅनेलचा कोपरा बाकीच्यापेक्षा चटका बसेल इतका तापलेला दिसला. हमीपत्र दाखवले, तर उत्तर आले की हमी निर्मितीतल्या दोषांना आहे, हाताळणीतल्या नाही.

गच्चीवरच्या सौरसंचांसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे आणि तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. हा लोकांच्या कराचा पैसा गच्च्यांवर चढतो आहे, पण पाच वर्षांनी तो किती वीज देतो हे गावोगाव कोण मोजणार? आमच्या जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. शेवटच्या वर्षाचे 'प्रोजेक्ट' बाजारातून तयार विकत घेण्याची जी पद्धत पडली आहे (मीही तसे बरेच अहवाल तपासून सह्या केल्या आहेत, नाकारत नाही), त्याऐवजी प्रत्येक गटाला वीस गच्च्या द्याव्यात. अवरक्त कॅमेरा महाविद्यालयाने घ्यावा, नेट मीटरचे (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे) आकडे घरमालकाने द्यावेत. दहा वर्षे हे चालले, तर खानदेशच्या उन्हात कोणत्या प्रकारचे पॅनेल टिकते, ते धुवायचे किती दिवसांनी आणि एजन्सीच्या करारात हाताळणीची अट कशी लिहायची, याची माहिती इथल्याच मापांवरून मिळेल.

सुरुवातीला माझी गच्ची हजर आहे. जिन्याला कुलूप नसते, फक्त पोरांनी पॅनेलवर बसू नये.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, भुसावळ