म्हापशातल्या जुन्या ऑल्टोसाठी, पावसाआधी

स्विंडन, इंग्लंड
११ मे २०२५

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो, तिन्ही व्हिडिओ आणि तक्रारींची यादी मिळाली. २०११ ची ऑल्टो, १ लाख ३८ हजार किलोमीटर. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. दर शनिवारी म्हापशाहून सावंतवाडीला जाऊन यायला ही गाडी चांगली पुरेल. आईबाबांनाही हे पत्र वाचून दाखव, म्हणजे 'भंगार उचलून आणलंस' हे पालुपद जरा थांबेल. गॅरेजवाल्याने सांगितलेली नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर (सेल्फची मोटर) मात्र आज विकत घेऊ नकोस. तुझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी मीठ, तांबडी माती आणि साचलेलं पाणी यांच्या आहेत. पार्ट बदलून त्या जात नाहीत, चार महिन्यांनी परत येतात.

आधी तापमानाचा काटा बघू. तो तू यादीत सातवा लिहिलायस, हवा होता पहिला. घाटात काटा अर्ध्याच्या वर जातो म्हणतेस. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना उघडलंस तर उकळतं पाणी अंगावर येईल. आत पाणी काठोकाठ हवं आणि रंग कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा), म्हणजे हिरवा, निळा किंवा लाल पण स्वच्छ हवा. फोटोत मला ते चिऱ्याच्या खाणीत साचतं तसं गढूळ तांबडं दिसतंय. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलंय, आतून गंज सुटलाय आणि तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसलाय. खालचा पाइप काढून ते सगळं बादलीत काढ. मग साधं स्वच्छ पाणी भर, इंजिन गरम होऊ दे, थंड कर, पुन्हा काढ. पाणी नितळ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करावं लागेल. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. डब्यावर 'तयार' लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. चार लिटरची तयारी ठेव, उरेल ते डिकीत राहू दे. भरल्यावर झाकण न लावता, हीटरचा खटका गरमवर ठेवून इंजिन चालू ठेव. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला की आतली हवा निघालेली असते. पातळी खाली गेली तर भर, मग झाकण लाव. झाकणही नवंच घे. त्यातली स्प्रिंग आणि रबर मेलं की दाब धरत नाही, आणि दाब नसला की पाणी लवकर उकळतं. काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नकोस, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हे करूनही पाणी रोज कमी होत असेल, खाली थेंब दिसत नसेल आणि चालू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, गेल्याचं लक्षण. मग गाडी चालवायची नाही, थेट मेकॅनिक. तापलेल्या काट्यावर 'घर गाठू कसंतरी' म्हणून रेटली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग मोठा खर्च निघतो.

आता सकाळचा सेल्फ, म्हणजे चावी फिरवूनही गाडी सुरू न होणं. व्हिडिओत एकच 'टक्' ऐकू येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे पार मंदावतात. हे महत्त्वाचं आहे. दिवे लख्ख राहून 'टक्' झालं असतं तर मीसुद्धा स्टार्टरवरच बोट ठेवलं असतं. दिवे मंदावतात म्हणजे वीज पोहोचत नाही: एकतर बॅटरी उतरलेली, नाहीतर जोडात अडथळा. साधा डिजिटल मल्टिमीटर घे, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. वाटेल तेवढे पैसे त्यात वसूल होतात.

रात्रभर उभ्या गाडीवर, चावी न लावता, बॅटरीच्या दोन टोकांवर माप घे. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ ठीक, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना तिथेच १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे दिसले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बरा आहे. मग खरी परीक्षा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, शेजारच्या कुणालातरी सेल्फ मारायला बसव. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लाव. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायरची इंजिनशी जोडणी, चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर वीज त्या गंजलेल्या जोडातच मरतेय, आणि नवीन बॅटरी घातलीस तरी तेच होणार.

तुझ्या फोटोत खुंटीवर हिरवट-पांढरी पूड आहे, त्यामुळे माझा संशय तिथेच आहे. १० नंबरचा पाना घे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंस आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने पूड धू, फेस यायचा थांबेपर्यंत. बॅटरीच्या झाकणांत ते पाणी जाऊ देऊ नकोस. कोरडं करून खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घास. मग निगेटिव्ह वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे बोल्ट केलीय ती टोकं शोध. सगळे लोक खुंटी साफ करतात आणि ही टोकं विसरतात. तीही सोडव, घास, घट्ट कर. सगळं बसल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर, जोडायच्या आधी नाही. समुद्राची हवा आहे, वर्षातून एकदा चवथीच्या आधी हे करायचंच.

एवढं करूनही दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर काहीतरी गुपचूप वीज खातंय. मीटर १० अँपियरवर ठेवून निगेटिव्ह खुंटी आणि काढलेली वायर यांच्यामध्ये जोड. दारं बंद, पाच-दहा मिनिटं थांब. ०.०५ अँपियरच्या आत असावं. जास्त असेल तर एकेक फ्यूज उपटून बघ, ज्याने आकडा पडेल तो चोर. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला स्टिरिओ निघतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटर जळतो.

पायाखालचं ओलं कार्पेट. डावीकडे ओलं, म्हणजे तीन शक्यता. बोट लावून बघ. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरच्या नळीतून कूलंट गळतंय. साधं पाणी असेल तर एसी किंवा पाऊस. अजून पाऊस नाही आणि तरी ओलं आहे, म्हणून एसीची नळी आधी बघ. कोरड्या जागी गाडी उभी करून पंधरा मिनिटं एसी चालव. गोव्याच्या मेच्या दमटपणात पुढच्या डाव्या बाजूला खाली टपटप थारोळं साचायला हवं. जमीन कोरडी राहिली तर ते पाणी आत येतंय. इंजिनच्या मागच्या पत्र्यातून बाहेर निघालेली बोटाएवढी रबरी नळी सापडेल. तिच्यात हवा फुंक, नाहीतर प्लास्टिकची बारीक पट्टी हलकेच फिरव. तार किंवा सळई खुपसू नकोस, आत अ‍ॅल्युमिनियमची नाजूक जाळी आहे. काळा चिखलाचा गोळा बाहेर पडेल आणि मागोमाग पाणी.

पावसाचं गळणंही आत्ताच तपास. वायपरखालची जाळी उघडून आंब्या-फणसाचा पालापाचोळा काढ. गाडी झाडाखाली लावतेस हे काचेवरच्या चिकावरून कळतंच आहे. तिथलं पाणी बाहेर जायची वाट बुजली की ते तुंबतं आणि पंख्याच्या तोंडातून आत येतं. मग एकाला टॉर्च घेऊन आत बसव आणि बाहेरून नळीने पाणी सोड. सुरुवात खालून, एका जागी दोन-तीन मिनिटं, मग वर. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि भोक कुठे ते कळत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायच्या बारीक खाचा असतात, त्या तांबड्या मातीने भरलेल्या असणार. त्याही मोकळ्या कर. दार उघडताना आतून पाण्याची खळखळ आली की समजायचं. कार्पेट उचलून त्याखालचा जाड नमदा उन्हात पूर्ण वाळव. वरून कोरडं वाटतं, पण नमदा महिनाभर ओल धरून ठेवतो आणि फरशीचा पत्रा त्याच्याखाली मुकाट्याने सडतो.

इथे हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि दहा वर्षांच्या गाड्यांचे पत्रे खालून चाळणी होतात. तुमच्याकडे तेच काम खारा वारा करतो. मडगार्डच्या आतल्या कडेला माती साचते, तिथे ओल कायम राहते. नळीने आतून धुऊन काढ. गंजाचे फुगे दिसले तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घास, मग १८०. रस्ट कन्व्हर्टर लाव, सुकल्यावर प्राइमर, रंग आणि शेवटी अंडरकोट. गंजावर नुसतं डांबरासारखं काळं कोटिंग मारून देणारे खूप आहेत. ते दिसायला छान असतं, पण आत ओल कोंडून पत्रा दुप्पट वेगाने जातो.

सिग्नलला इंजिन फडफडतं आणि एसी लावला की बंद पडायला येतं. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. डिचोलीकडच्या खाणीच्या धुळीत फिरलेली गाडी असेल तर आरपार काही दिसणार नाही, मग बदल. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. झडपेच्या कडेला काळा चिकट थर बसलेला असतो आणि आयडलिंगची (उभ्या गाडीत इंजिन हळू चालतानाची) बारीक हवा तिथेच अडते. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पूस, थेट सेन्सरवर फवारू नकोस. आजूबाजूच्या बारीक व्हॅक्यूम पाइपांची टोकं वाकवून बघ. तडा गेलेलं टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं तर फुकटात काम होतं. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले ते माहीत नसेल तर तिन्ही नवे घाल. टायमिंग बेल्टचंही, म्हणजे इंजिनातल्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याचंही, तसंच. १ लाख किलोमीटरला बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असं समज. हा खर्च टाळायचा नाही. माझ्या हिशेबात बदलावे लागणारे मोठे पार्ट दोन, त्यातला एक हाच.

दुसरा, वळणावरची 'कटकट'. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की येते, म्हणजे अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा. त्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला, ग्रीस उडालं, माती गेली. आवाज नसता तर नुसता बूट आणि ग्रीस पुरलं असतं. आवाज आलाय म्हणजे जॉइंट झिजलाय, तो बदलावा लागेल. दुसऱ्या बाजूचा बूट अजून शाबूत दिसतो. त्याला भेग दिसली तर त्याच दिवशी बदलून टाक, तो जॉइंट वाचेल.

काच जड वर जाते त्याला मोटर नको. बाजूच्या रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रे मार, ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. हेडलाइटची पिवळी काच १०००, मग २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासून पॉलिश कर. जास्त वॉटचे बल्ब घालू नकोस, वायरिंग वितळतं. टायरवर चार आकडे असतात, शेवटचे दोन साल आणि आधीचे दोन आठवडा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर खाच कितीही दिसली तरी पावसाळ्याआधी बदल. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर तेही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

कागद. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करायला टाळाटाळ करू नकोस, आणि विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळव. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढला तर भांडू नकोस. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतात, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्याची तपासणी होते, म्हणून आत्ता काढलेला गंज तिथे उपयोगी पडेल. गाडी सावंतवाडीला कायमची ठेवायचा विचार असेल तर आधी मला सांग. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, रेडिएटरच्या तोंडाचा जवळून एक फोटो आणि मीटरचे तिन्ही आकडे पाठव. अर्थिंगचा आकडा आल्याशिवाय बॅटरीच्या दुकानात जाऊ नकोस.

आईबाबांना नमस्कार.

तुझा
मामा